साडेसतरा पोती

सेंट्रिंग खोलायचा दिवस आमच्या धंद्यात निकालाचा असतो. स्लॅब भरून झाला, पाणी मारून झालं, दिवस मोजून झाले, की टेकू ठोकून सैल करायचे आणि एकेक प्लेट खाली घ्यायची. प्लेट सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. मग वर बघायचं. काँक्रीट गुळगुळीत, निळसर राखाडी दिसलं की जीव भांड्यात पडतो. खडी उघडी पडलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसली की सगळ्यांसमोर मान खाली जाते. माझे वडील, अप्पा, गवंडी होते. ते म्हणायचे, “भरलेलं काम झाकलेलं असतं, खोललं की बोलतं.” खोलायच्या दिवशी दुसरीकडं काम चालू असलं तरी ते येऊन वर बघून जायचेच.

भिंत तर फार लवकर बोलते. उभ्या साच्याला मानकाप्रमाणे 16 ते 24 तास पुरतात. स्लॅबखालच्या टेकूंना साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यासाठी 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्यासाठी 14 दिवस थांबावं लागतं. म्हणजे आज केलेली चूक भिंत उद्या दाखवते. या निकालाची मला इतकी सवय झाली होती, की तो कधी लागलाच नाही तर काय, हा विचार मी कधी केलाच नव्हता. 2016 च्या उन्हाळ्यात मी एक भिंत भरली, तिचा साचा खोलायचाच नव्हता. तिनं मला हा विचार करायला लावला.

आमचं बेलापूर प्रवरेकाठचं. रेल्वेनं येणारा पाहुणा हमखास गोंधळतो, कारण दौंड-मनमाड मार्गावरच्या ज्या स्टेशनावर वर्षानुवर्षं ‘बेलापूर’ अशी पाटी आहे, ते स्टेशन श्रीरामपूर शहरात आहे. आमचं गाव तिथून पुढं काही किलोमीटरवर. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यांनी आलं आणि हा सगळा मुलूख उसाचा झाला. गावाबाहेर काळी, गावात पांढरी. गावठाणातली जुनी घरं त्या पांढऱ्या मातीत आणि दगडात बांधलेली, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी. दोन घरांत कुठं चार बोटांची फट, कुठं तीही नाही.

अशाच एका बोळातलं तात्यांचं घर. तात्या म्हणजे अप्पांचे जुने दोस्त. आदल्या वर्षीच्या पावसात त्यांच्या घराची दक्षिणेची भिंत बसली. नशिबानं रात्री त्या खोलीत कोणी झोपलेलं नव्हतं. शेजारच्याची मातीची भिंत आणि तात्यांची भिंत यांच्यामध्ये चार इंचांची फट. दोन्ही घरांचं पावसाचं पाणी त्या फटीत उतरायचं, घुशींनी खालून पोखरलेलं. तात्यांना तिथं आता पक्की काँक्रीटची भिंत हवी होती.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. चार इंचांच्या फटीत माणूस शिरत नाही. विटांची भिंत बांधली तर बाहेरून गिलावा कसा करणार? काँक्रीट भरायचं तर शेजाऱ्याच्या बाजूची प्लेट भरल्यावर काढणार कशी? गावठाणात बरेच जण अशा वेळी जुनं प्लायवूड लावतात आणि तिथंच सोडून देतात. मग ते कुजतं, वाळवी लागते, आणि मागं पुन्हा फट उरते. फ्रेंच लोक अशा सोडून दिलेल्या साच्याला ‘हरवलेला साचा’ म्हणतात. मला तो हरवायचा नव्हता, भिंतीत मुरवायचा होता. साचाच असा करायचा की तो भिंतीचं कातडं होऊन राहील.

आधी पडकी भिंत उतरवायची होती. ते काम मी दोन दिवस स्वतः उभं राहून करून घेतलं, आणि ते केलं नसतं तर पुढचं मला कळलंही नसतं. ती भिंत जवळजवळ दोन फूट जाडीची. बाहेरून बघावं तर घडीव दगड, सांधे नीट. पण आत दोन दगडी पाखांच्या मध्ये भरलेली माती, चिपा, खापरं. पाणी शिरून ती माती खाली बसली होती, दोन्ही पाखं एकमेकांपासून सुटली होती आणि भिंतीनं पोट काढलं होतं. मात्र कोपऱ्यापासून सात-आठ फुटांचा एक भाग धड उभा होता. तो उतरवताना कारण कळलं. तिथं त्या जुन्या गवंड्यानं दर दोन-तीन फुटांवर एकेक लांब दगड आरपार घातला होता, या पाखातून त्या पाखापर्यंत. पुढं एक तर लांब दगड संपले असतील, नाही तर घाई झाली असेल. जिथं आरपार दगड होते तिथं भिंत राहिली. नव्हते तिथं पडली.

हे पाहून मला किल्लारीचा भूकंप आठवला. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची. लातूर-उस्मानाबादकडची जवळजवळ 8 हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती, आत माती, डोक्यावर मातीचं वजनदार धाबं. हादऱ्यानं दोन पाखं सुटली आणि धाबं खाली आलं. त्यानंतर जी घरं बळकट करायला घेतली, त्यांत भिंतीला आरपार भोकं पाडून, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, अशी एक रीत होती. त्या जुन्या गवंड्याच्या लांब दगडाचं काम तिथं सळईनं केलं. आणि ही ओळख फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या व्हिट्रुव्हियसनं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, की घाईचे लोक दोन बाजूंना दर्शनी दगड उभे करतात आणि मध्ये तुकडे टाकून मोकळे होतात. ग्रीक गवंडी आरपार दगड घालतात म्हणून त्यानं त्यांची तारीफ केली. रोमन लोकांच्या काँक्रीटच्या भिंतींनाही दोन्ही अंगांना विटांचं किंवा दगडांचं कातडं असायचं. मध्ये काँक्रीट भरायचं आणि कातडं तसंच ठेवायचं. आज आम्ही ज्याला नवीन पद्धत म्हणतो तिची नाळ तिथं आहे.

फेरोसिमेंट मी पुण्याला एका शिबिरात शिकलो होतो. जाळी आणि सिमेंट-वाळूचा पातळ, चिवट तक्ता. फ्रान्समध्ये जोसेफ-लुई लॅम्बोनं 1848 मध्ये याच रीतीनं होडी केली होती. मी ठरवलं, भिंतीच्या दोन्ही बाजूंना फेरोसिमेंटची पॅनेल उभी करायची, मध्ये सहा इंच पोकळी, तीत सळई आणि काँक्रीट. सळईचं डिझाइन ओळखीच्या इंजिनिअरकडून करून घेतलं. भिंत 40 फूट लांब, 8 फूट उंच. चार फूट बाय दोन फुटांची पॅनेल, एका बाजूला 40, दोन्ही मिळून 80.

पॅनेल आम्ही तात्यांच्याच मळ्यात, खळ्यावर केली. जमीन सपाट करून प्लास्टिक अंथरलं, लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवली. आधी मालाचा पातळ थर, त्यावर कोंबडीजाळी, मग वेल्डमेश, पुन्हा कोंबडीजाळी, आणि वर माल दाबून थापीनं बसवायचा. एक सिमेंट, दोन वाळू. जाडी सव्वा इंच. खालची बाजू प्लास्टिकमुळं काचेसारखी गुळगुळीत येते, ती दर्शनी. वरची बाजू आत जाणार, म्हणून ती ओली असतानाच खराट्यानं खरवडून घ्यायची, म्हणजे काँक्रीट तिला धरतं. आणि तिच्यात सहा मिलिमीटर सळईचे आकडे रोवून ठेवायचे. समोरासमोरच्या पॅनेलचे आकडे एकमेकांना बांधायचे. हे माझे आरपार दगड. दहा दिवस गोणपाट टाकून पाणी मारलं. एक पॅनेल भरलं साधारण 50 किलो. दोघं जण आरामात उचलायचे. शेजाऱ्याच्या बाजूची पॅनेल वरून दोरानं फटीत सोडली. तात्या रोज संध्याकाळी मळ्यात यायचे आणि वाळलेल्या पॅनेलवर बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचे.

भरायची रीत अशी ठरली होती : एक ओळ उभी करायची, म्हणजे दोन फूट उंची, ती भरायची, मग दुसरी ओळ. यामागं दोन कारणं. ओलं काँक्रीट पाण्यासारखं साच्याला रेटतं, आणि ते पाण्याच्या जवळजवळ अडीच पट जड असतं. दोन फूट भरलं तर तळाशी चौरस मीटरला सुमारे दीड टन रेटा येतो. चार फूट भरलं की तीन टनांच्या घरात. दुसरं कारण साधं. दोन फुटांच्या खोलीत वरून वाकलं की तळ दिसतो.

प्रत्येक ओळीचा हिशेबही मी वहीत मांडला होता. 40 फूट लांबी, दोन फूट उंची, अर्धा फूट रुंदी, म्हणजे 40 घनफूट. एका पोत्याच्या मालाचं आमच्या प्रमाणात साधारण 4.4 घनफूट काँक्रीट पडतं. म्हणजे एका ओळीला 9 पोती. चार ओळींना 36.

पहिल्या दोन ओळी दोन दिवसांत नीट भरल्या. 9 आणि 9. तिसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर दुसऱ्या साइटवरून उशिरा आला. त्या रात्रीच त्याला परत जायचं होतं, माणसंही दुसऱ्या दिवशी एका लग्नाला जाणार होती. मी म्हटलं, दोन्ही ओळी एकदम उभ्या करू, चार फूट एकदम भरू. हा निर्णय माझा होता. कोणी मला भाग पाडलं नव्हतं.

दुपारी चारला सुरू झालेलं काम दिवेलागणीपर्यंत चाललं. चार फूट खोल, सहा इंच रुंद पोकळी, आत दोन थर सळई. बॅटरी मारली तरी तळ दिसेना. व्हायब्रेटरची सुई जाड होती, सळईच्या जोडांवर अडकायची. आम्ही ती जेवढी जाईल तेवढी सोडायचो आणि बाहेरून पॅनेलवर लाकडी हातोडीनं ठोकायचो. मधल्या एका पॅनेलनं अर्धा इंच पोट काढलं, तिथं घाईघाईनं जादा टेकू लावले. शेवटचं घमेलं वर ओतलं तेव्हा मिक्सरवाला म्हणाला, “भाऊ, साडेसतरातच बसली. अर्धं पोतं वाचलं तुमचं.”

मला बरं वाटलं. हे आज लिहिताना जड जातं, पण तसंच घडलं. दिवसभराच्या धावपळीनंतर अर्धं पोतं वाचलं याचा मला आनंद झाला. वहीत मी 17.5 लिहिलं आणि घरी गेलो.

भिंत सुंदर दिसत होती. खोलायचं काही नव्हतंच. आतल्या बाजूनं चाळीस पॅनेल गुळगुळीत, सांधे भरले की गिलाव्याचीही गरज नाही. तात्यांच्या घरातल्या बायकांनी येऊन हात फिरवून पाहिला. चौथ्या-पाचव्या दिवशी तात्या आले आणि सवयीनं पेर टेकवत भिंतीच्या कडेनं चालू लागले. खालच्या ओळींवर आवाज भरीव, दगडावर वाजवल्यासारखा. तिसऱ्या ओळीच्या सहाव्या पॅनेलशी ते थांबले. पुन्हा वाजवलं. रिकाम्या रांजणासारखा आवाज.

“हे काय रे?” त्यांनी विचारलं.

मी हातोडी घेतली. एका जागी खणखणीत, वीतभर अंतरावर पोकळ. छिन्नीनं पॅनेलचा तुकडा उडवला आणि आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. सळईच्या जोडावर खडी अडकून बसली होती, तिच्या खाली माल उतरलाच नव्हता. बोटांना कोरडी खडी लागली, तिच्यावर सिमेंटचा नुसता पातळ पापुद्रा. रंगाची वीस लिटरची बादली मावेल एवढी ती जागा होती. मला तेव्हा आठवलं ते अर्धं पोतं. ते वाचलंच नव्हतं. ते जिथं जायला हवं होतं तिथं पोचलं नव्हतं, आणि त्याच्या जागी भिंतीत वारा होता.

तात्या रागावले नाहीत. ते थोडा वेळ त्या भोकात बघत राहिले. मग म्हणाले, “हे दिसलं म्हणून कळलं. बाकीच्यांच्या मागं काय आहे, ते सांग.”

एवढा नेमका प्रश्न मला कोणत्याही इंजिनिअरनं आजवर विचारलेला नाही. आतली चाळीस पॅनेल मी वाजवून बघू शकत होतो. पण शेजाऱ्याच्या बाजूची चाळीस पॅनेल चार इंचांच्या फटीत होती. तिथं ना हात जात होता, ना नजर. ज्या अडचणीसाठी ही पद्धत निवडली, त्याच अडचणीनं माझं पितळ जन्मभर झाकून ठेवलं असतं.

पुढचे तीन दिवस आम्ही फक्त शोधत होतो. आतली सगळी पॅनेल फुटाफुटावर वाजवली, पोकळ जागी खडूनं फुली मारली. मग वरच्या दोन ओळींत लांब ड्रिलनं सळया चुकवून भोकं पाडली, पलीकडच्या पॅनेलला टेकेपर्यंत. भरीव काँक्रीटमध्ये ड्रिल कुरकुरत, हळूहळू जातं आणि हाताला एकसारखा रेटा लागतो. पोकळी आली की ते एकदम आत घसरतं. तसं दोन जागी घसरलं, आणि त्यातली एक जागा पलीकडच्या पॅनेललगत होती. वाजवून ती कधीच सापडली नसती. पहिल्या जागेचं पॅनेल पूर्ण कापून काढलं, सैल खडी साफ केली, बारीक खडीचं काँक्रीट दाबून भरलं. बाकी दोन जागी खालच्या भोकातून हातपंपानं स्लरी चढवली. वरच्या भोकातून स्लरी बाहेर आली की तिथं लाकडी खुंटी मारायची, मग त्याच्या वरचं भोक. या सगळ्याचा खर्च माझा होता, आणि तो मी आनंदानं केला असं म्हणणार नाही. पण केला.

त्यानंतर अशा साच्याची जी कामं केली त्यांत मी चार गोष्टी सोडल्या नाहीत. एक, एका वेळी दोन फूट. मिक्सर थांबो किंवा जावो. दोन, अशा अरुंद पोकळीत 12 मिलिमीटरची खडी आणि 25 मिलिमीटरची बारीक सुई. तीन, प्रत्येक पॅनेलला भरण्याआधीच बारीक भोकं ठेवायची. त्यांतून स्लरी पाझरली म्हणजे माल तिथपर्यंत पोचला. पाझरली नाही तर तिथंच थांबायचं. आणि चार, पोत्यांचा हिशेब. ओळीला 9 लागणार असतील आणि साडेआठात भरली, तर आनंद करायचा नाही. ते अर्धं पोतं कुठं गेलं ते शोधायचं.

ही पद्धत वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट, पॅनेल काँक्रीटमधलं पाणी धरून ठेवतात, लाकूड वाया जात नाही, गिलावा वाचतो. आता तर ती मोठ्या प्रमाणावर येते आहे. 1 जानेवारी 2021 ला देशात सहा ठिकाणी नव्या तंत्रांच्या घरकुल प्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यातल्या लखनौच्या 1,040 घरांसाठी पीव्हीसीचा कायम राहणारा साचा निवडला गेला. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेला राष्ट्रीय केमिकल्सनं खतनिर्मितीत उरणाऱ्या जिप्समपासून काचतंतूंची पॅनेल करायचा कारखाना काढला. अशा पॅनेलवर चेन्नईच्या आयआयटीनं बरीच वर्षं काम केलं आहे. ते पॅनेल 12 मीटर लांब, 3 मीटर उंच आणि 124 मिलिमीटर जाडीचं असतं, आणि त्याच्या आत ओळीनं पोकळ्या असतात. त्यांत सळई घालून काँक्रीट भरायचं. सामान बदललं, आकार बदलला, पण पोकळी तीच. आत काय उतरलं हे बाहेरून न दिसणंही तेच. कारखान्यात पॅनेल कितीही चोख होवो, ते भरणारा माणूस संध्याकाळी दमलेला असतो आणि मिक्सरला परत जायची घाई असते.

अप्पांच्या काळात काम खोललं की बोलायचं. आता खोलणं नाही, म्हणून ते भरतानाच बोलतं करावं लागतं, आणि ही जबाबदारी सर्वस्वी भरणाऱ्याची आहे. कायम साच्याच्या कामाला म्हणूनच नेहमीच्या कामापेक्षा दुप्पट लक्ष द्यावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्याला तेवढं लक्ष द्यायचं नाही त्यानं साध्या प्लेटा लावाव्यात. त्या निदान दुसऱ्या दिवशी खरं सांगतात.

तात्या आता नाहीत. भिंत आहे. 2019 चा आणि त्यानंतरच्या वर्षांचा पाऊस तिनं काढला, फटीतलं पाणी अजूनही तिच्या अंगावरून उतरतं, ओल आत आलेली नाही. तिसऱ्या ओळीतलं सहावं पॅनेल बाकीच्यांपेक्षा थोडं गडद दिसतं. तात्यांचा मुलगा रंग देताना म्हणाला होता, “दादा, हे झाकून टाकू का?” मी नको म्हटलं.

घर बांधणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे : भिंत भरायच्या दिवशी तिथं थांबा, वही घेऊन बसा आणि पोती मोजा. आणि भिंत ठरल्यापेक्षा कमी पोत्यांत भरली, तर मिस्तरीला ती वाजवून दाखवायला सांगा.